बाबांच्या कानाशी

काल शाळेच्या मैदानावर शिपाई फक्की टाकत होते. क्रीडादिनासाठी पांढऱ्या रेघा आखायच्या होत्या. उन्हाने तापलेल्या मातीवर ती भुकटी पडली की एक कोरडा, घशाशी येणारा वास सुटतो. त्या वासाबरोबर चार वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला आणि शिकवता शिकवता मी वर्गाच्या खिडकीशी थांबले. पडघ्याजवळच्या एका मोकळ्या शेतात टेनिस बॉलचे सामने होते, आठ गावांचे संघ, दिवसभर. मी मात्र गेले होते ती माझ्या वडिलांवर नजर ठेवायला.

आई गेल्यावर बाबा टेमघरला माझ्याकडे राहायला आले. पडघ्याच्या बाजूला त्यांची थोडी जमीन होती आणि तिच्या तिन्ही अंगांना गोदामं उभी राहिली होती. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला जमिनीसाठीच आलासा वाटे. कुणी बाबांची तब्येत विचारली तरी मी त्यामागचं कारण शोधायची. अशातच बाबा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडू लागले. डब्यात चार भाकऱ्या मागून घेत. त्यांना दोन पुरतात. “कुठे जाता?” म्हटलं तर “मॅच बगाला.” “कुणाबरोबर?” तर “हाय एक दोस्त.” गॅलरीतून मी वाकून बघायची. कोपऱ्यावर एक रिक्षा थांबलेली असे, आतून एक हात पुढे येई आणि बाबा तो धरून आत बसत. त्यांचं घरातलं वागणंही बदललं होतं. पेपर वाचणं सुटलं होतं, टीव्हीसमोर बसत पण बघत नसत. मन दुसरीकडे गुंतलं आहे, कुणीतरी गुंतवलं आहे, अशी माझी खात्रीच झाली.

म्हणून त्या रविवारी मी मागोमाग दुसरी रिक्षा केली.

मैदानाच्या कडेला मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, बक्षिसाचा बोकड खांबाला बांधून पाला खात होता. भोंग्यावरचा माणूस मराठी-हिंदीची सरमिसळ करत प्रत्येक धावेला आनंदाने ओरडत होता. मी तीन रांगा मागे ओढणी डोक्यावर घेऊन बसले. बाबांच्या शेजारी कोण आहे ते दिसलं आणि माझा जीव आणखीच घाबरला. ज्यांच्या कापडाच्या कारखान्यात बाबांनी तीस वर्षं लूम दुरुस्त केले, ते मालक. लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणायची. आता त्यांनी लूम भंगारात काढून गोदामं बांधली होती. आणि ते बाबांच्या कानाशी तोंड नेऊन एकसारखं बोलत होते. बाबा मान डोलवत होते, मधूनच हसत होते. उन्हं चढली, एक सामना संपून दुसरा सुरू झाला, भजी-चहा फिरून गेला, पण ते बोलणं थांबेना. तीस वर्षांची ओळख वापरून हा माणूस बाबांकडून काय वदवून घेतो आहे? सही तर झाली नसेल? धावफलक मी एकदाही बघितला नाही. चाचांचे ओठ तेवढे बघत राहिले.

दुपारी एका तगड्या फलंदाजाने चेंडू उंच मारला आणि तो थेट मांडवावर आला. खुर्च्या सरकल्या, माणसं पांगली. बाबा जागचे हलले नाहीत. सगळे वर बघत असताना ते समोर, मोकळ्या मैदानाकडे तोंड करून शांत हसत होते. चाचांनी त्यांचा खांदा धरून त्यांना आपल्याकडे ओढलं आणि चेंडू चाचांच्याच कोपरावर आपटला.

मी धावत पुढे गेले. “चाचा, लागलं का?”

माझा आवाज ऐकून बाबा दचकले. “तू कवा आलीस?” त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे बघून नव्हे. माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं.

चाचा कोपर चोळत म्हणाले, “बेटी, दीड वर्ष झालं. किती वेळा बोललो याला, सांग पोरीला. ऐकतच नाही.”

“सांगितला असता तर तू मला घराबायेर सोडला असता काय?” बाबा म्हणाले.

खरंच, मी सोडलं नसतं. शेजारची खुर्ची ओढून मी बसले. थोड्या वेळाने चाचा पुन्हा बाबांच्या कानाशी वाकले आणि सकाळपासून ते काय सांगत होते ते मला ऐकू आलं. “डावरा आलाय. टोपी उलटी घातलीय. पायाने माती उकरतोय बघ.”

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यात उरलेला उजेड थेंबांवर टिकून आहे. एका घरात राहून, रोज त्यांच्या पाहुण्यांचे चेहरे वाचत असताना, त्यांचे डोळे मी कधी नीट पाहिले नव्हते. जमीन अजून तिथेच आहे. चाचांनी तिचा विषय एकदाही काढला नाही आणि गेल्या वर्षी ते गेले.

आता रविवारी मी बाबांना घेऊन जाते. मला ते वर्णन जमत नाही. मागे एकदा त्यांच्या गावचा संघ हरत होता, तेव्हा मी एका झेलाला चौकार म्हटलं. बाबा गर्दीच्या आवाजाकडे कान देऊन क्षणभर थांबले. “खोटा नको सांगू,” म्हणाले. “लोकं गप झाली.” तेव्हापासून मी काहीही सांगितलं की ते आधी मांडवाचा कानोसा घेतात, मग मान हलवतात. चाचांचं बोलणं त्यांनी असं कधी पडताळून पाहिलं नव्हतं. तो विश्वास तीस वर्षांत, लूमच्या खडखडाटात, एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखता ओळखता तयार झाला होता. माझ्या वाट्याला तेवढी वर्षं येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी घाई करत नाही. समोर जे घडतं, तेवढंच सांगते, आणि ते मान हलवेपर्यंत थांबते.