आईचे दोन ढीग

परवा माळ्यावरची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट माझी वाळक्या पानांची फाइल बाहेर आली. ऐंशीच्या दशकात, बोरिवलीच्या चाळीत, मी वनस्पतिशास्त्राचा सम्राट होतो! प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी फरशीवर पानं कुळांप्रमाणे मांडली. भेंडी, जास्वंद, कापूस एका गटात. आंबा आणि काजू दुसऱ्यात. मग महाराज आंघोळीला गेले. परत येऊन बघतात तर आईने सगळी पानं उचलून दोनच ढीग केलेले!

"ही आपल्या गावची," ती खुशीत म्हणाली, "आणि ही हयली, बोरिवलीची. बस हय, एकेका पानाची गोष्ट सांगतंय."

"वाट लावलीस, आई! हे काय शास्त्र झालं?"

तिने काजूचं पान नाकाशी धरलं होतं. मी ते हिसकावलं आणि ते मोडलं. ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली.

मी पुन्हा गट लावले, वर्गात पहिला आलो. आईला गावाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. पुढे मी तिला गावाला नेलं, तेव्हा ती अस्थींच्या कलशात होती.