थर्मासातला चहा

२ एप्रिल १९६३ रोजी तुळशीराम खरात यांनी चिखलीच्या बाजारात अठरा रुपये पंचवीस नये पैसे मोजून रुंद तोंडाचा थर्मास विकत घेतला.

तुळशीराम मेहकरला गुरांच्या दवाखान्यात लस टोचण्याचे काम करीत. बुळकांडी या गुरांच्या साथीवरची लस उन्हाने मरते, आणि चैत्रात पेटीतला बर्फ दुपार गाठत नाही. म्हणून ही पदरमोड. घरी पुष्पाबाई म्हणाल्या, "घरचा लोटा गळते, अन् ढोराच्या दवाईले पालखी!"

त्याच आठवड्यात डोणगावकडच्या एका गावाच्या शिवेपर्यंत बुळकांडी आली. सुईने बैल कामातून जातो असे मानून त्या गावाने दोन वर्षे तुळशीरामांना परत पाठवले होते. आता गावातले वजनदार शेतकरी भगवानराव कसेबसे तयार झाले, आणि मारुतीच्या पारापुढे गुरे जमली.

गुरे पाहून येईपर्यंत तुळशीरामांनी थर्मास पारासमोरच भगवानरावांच्या ओसरीवर ठेवला. भगवानरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंना म्हणाले, "वहिनी, एवढं सांभाळा."

परत येऊन झाकण उघडले, तर वाफ आली.

"चहा हाय भाऊ, अद्रक टाकून," मनकर्णाबाई म्हणाल्या. शेगावच्या धर्मशाळेत एका यात्रेकरूच्या थर्मासातून निघालेला वाफाळता चहा त्यांनी पाहिला होता. "अंदर नुसतं थंड पानी अन् बर्फाचे ढेकळं होते. फेकून देल्ले."

"अन् त्या शिश्या?"

"चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या, मिठाच्या मडक्याजोळ. ओल लागत नाही तिथं."

शिश्या भाजल्या शेंगांसारख्या गरम होत्या. आतली भुकटी मात्र होती तशीच पांढरी. टोचली असती तर कोणाला कळले नसते. लोक खुशीत घरी गेले असते आणि तुळशीरामांची दुसरी खेप वाचली असती. पण टोचलेला बैल पुढे बुळकांडीने मेला असता, तर या गावाने पुन्हा कधी सुई जवळ येऊ दिली नसती. आणि आज गुरे परत पाठवली, तर उद्या ती येतील याचाही भरवसा नव्हता.

"आज टोचनं होत नाही. सकाळी नवी लस आनतो," ते जमलेल्या लोकांना म्हणाले.

"काऊन? शिशी फुटली?" भगवानरावांनी विचारले.

"नाही. लस मेली."

"दवाई मेली म्हणते बे हा!" मागून हिंमतराव नावाचा शेतकरी ओरडला. "मंग तेरवी कधी हाय?"

सारा पार हसला. हिंमतरावाने आणि आणखी एकाने बैलांची दावी सोडायलाही घेतली. तुळशीराम मनकर्णाबाईंकडे वळले.

"वहिनी, उकळत्या दुधात इरजन टाकलं तं दही लागते का?"

"कसं लागंन? इरजन मरून जाते." बोलल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. त्या ओसरीवरून उतरल्या आणि माणसांपुढे उभ्या राहिल्या. "इरजन मी मारलं. त्याईचं काही चुकलं नाही. सकाळपावेतो ढोरं इथंच बांधा. पहिले माही जोडी टोचा. अन् हिंमतभाऊ, तेरवीले तुमालेच पहिले वाढतो."

हिंमतरावाने सोडलेले दावे गुपचूप परत बांधले.

तुळशीराम संध्याकाळच्या गाडीने मेहकरला आले. दवाखान्यात लस होती, पण ती न्यायला बर्फ नव्हता. स्टँडवर सरबतवाला शालिग्राम दुकान आवरत होता.

"आठ आण्याचा बर्फ द्या. पैसे पगाराले."

"ढोराचं लग्न हाय का भाऊ?" म्हणत शालिग्रामने उरलासुरला बर्फ भुशासकट बांधून दिला.

सकाळी पहिल्या गाडीने ते गावात पोचले तेव्हा ऊन तापायचे होते. मनकर्णाबाईंनी आपल्या बैलांची शिंगे स्वतः धरली. चहा आला तो कपबशीत. थर्मासाला कोणी हात लावला नाही.

त्या उन्हाळ्यात बुळकांडी शीव ओलांडून गावात आली, पण टोचलेल्या बैलांनी पेरणीला खांदा दिला.

एप्रिलच्या पगाराआधीच तुळशीरामांची बदली जळगाव जामोदला झाली. पुढे मेहकरला आले तेव्हा सरबताचे दुकान उठले होते. शालिग्रामचे आठ आणे द्यायचे राहिले आहेत.