विम्याचा मुहूर्त

श्रीगजाननास वंदन करून आणि घृष्णेश्वराचे स्मरण करून, गतवर्षीच्या विजयादशमीस आमच्या घरी काय घडले ते वाचकांपुढे ठेवतो. मोटारीच्या विम्याचा हप्ता दीडपट करण्याचे कार्य मी एकट्याने, पंचांगाच्या साहाय्याने, सिद्धीस नेले.

मोटार माझ्या नावावर. चालवणारा माझा पुत्र श्रीधर. शेंद्र्याच्या कारखान्याने त्याला सहा महिने चेन्नईस धाडले. जाताना तो म्हणाला, "बाबा, पाच वर्षांत एकदाही क्लेम केला नाही, म्हणून गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर निम्मी सूट मिळतेय. स्कूटरवाल्यानं दार घासलं तेव्हासुद्धा खिशातून पैसे भरले. हप्ता भरायची एवढी एक तारीख सांभाळा!"

मी सांभाळली. नको तितकी सांभाळली!

मुदत संपण्याच्या दिवशी आमचे विमा एजंट बापू औरंगपुऱ्यातून घरी आले. "गुरुजी, आज पॉलिसी संपतीया. भरून टाकू."

"आज अमावास्या आहे, बापू."

"मग उद्या?"

"उद्यापासून अधिक मास. नवे कार्य वर्ज्य!"

"अहो, नवं कुठंय? जुनंच पुढं चालू ठिवायचंय!"

सौभाग्यवती आतून म्हणाली, "अधिक महिन्यात भाजी आणलेली चालते, मग हे का नाही?" (भाजीची आणि विम्याची तुलना शास्त्रात नाही. मी दुर्लक्ष केले.) विम्यावाचून मोटार रस्त्यावर आणणे हा अधर्म, इतके मला ठाऊक होते. म्हणून मी तिला आच्छादन घालून अंगणात उभी केली आणि निश्चिंत झालो.

अधिक मास सरला. निज श्रावणात श्रीधरच्या राशीला चंद्र अनुकूल मिळेना. भाद्रपदात गणपती, पाठोपाठ पितृपक्ष! श्रीधर फोनवर विचारी, "बाबा, विम्याचं झालं ना?" मी सांगे, "योग्य वेळी सर्व होईल." यात असत्य एक अक्षरही नव्हते.

अखेर दसरा उजाडला. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! बापू सोने द्यायला आले, तेव्हा मी प्रसन्नपणे म्हणालो, "दुपारी विजयमुहूर्त आहे. करा विमा!"

बापूंनी मोबाइलवर दिवस मोजले आणि त्यांच्या हातातली आपट्याची पाने गळाली. "अठ्ठ्याण्णव! गुरुजी, नव्वदीच्या आत भरायचं असतंय. सूट गेली!"

"कोठे गेली?"

"कायमची गेली! आता पुन्हा शून्यापासून."

मी आच्छादनाकडे बोट दाखवले. "अहो, पण गाडी तर जागची हललीसुद्धा नाही!"

"त्याला कोण इचारतंय? हप्ता कशावर ठरतो, तर गाडीची आजची किंमत, तिचं वय, इंजिन केवढं, शहर कोणतं, आन् सूट किती. बाकी सगळं जिथल्या तिथं हाय. सूट तेवढी तुम्ही उडवली!"

"आणि ग्रहमान?"

"त्याचा रकाना नाय फॉर्मात."

त्यांनी आच्छादन काढून चारी बाजूंनी गाडीची छायाचित्रे घेतली. (खंड पडल्यास तपासणी लागते, हेही तेव्हाच कळले.) मी दीडपट रक्कम भरली, मात्र ऐन विजयमुहूर्तावर! निदान एवढे तरी साधले, असे समाधान मानतो न मानतो, तोच बापू म्हणाले, "झालं. आज रात्री बारापासून विमा चालू."

"रात्री बारा? विजयमुहूर्तावर नाही?"

"कंपनीचा मुहूर्त रोज रात्री बाराचाच, गुरुजी."

मी पंचांग उघडले. रात्री बाराला दसऱ्याचे बळ सरलेले, उरले नुसते अशुभ पंचक! माझा चेहरा पाहून सौभाग्यवतीने पाण्याचा तांब्या आणला आणि श्रीधरला फोन लावला.

मी सर्व हकीकत निवेदन केली. पलीकडून अतिशय हळू स्वर आला. "बाबा, पाच वर्षं मी खड्डे चुकवले, रिक्षा चुकवल्या, जाधववाडीच्या म्हशी चुकवल्या..."

"हो रे बाळा."

"तुम्हाला कसं चुकवायचं, ते राहून गेलं!"

त्याने विम्याचे सर्व संदेश त्याच दिवशी आईच्या मोबाइलवर वळवून घेतले.

असो. वाचकहो, आपल्या गृही लक्ष्मी स्थिर राहो, आपले वाहन निर्विघ्न धावो, आपली विम्याची सूट अखंड सौभाग्यवती राहो. आणि मुहूर्त काढून देणारा माझ्यासारखा विद्वान, हप्ता भरून होईपर्यंत तरी, आपल्या दारी न येवो!