काकांचा फिरता डबा

पनवेलच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. वॉशिंग मशीनच्या जुन्या मोटरवर त्यांनी रंगाचा रिकामा डबा बसवलाय. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून ते स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, सापडेल ते चकचकीत करतात. आमचं छत दुपारभर खडखडतं.

एकदा तक्रार करायला गेलो, तर माझ्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी ती डब्यातच टाकली. "आता चार तास बसा. मधी थांबवला त डाग ऱ्हातान." मी बसलो. दुसरं करणार काय? घराला कुलूप होतं.

म्हणून गणपतीच्या तोंडावर आई देव्हाऱ्यातले पितळी देव काकांकडे देऊन आली, तेव्हा मला तो फिरता डबा आठवला. अन्नपूर्णेची पळी काडीएवढी बारीक. मी धावतच वर गेलो.

डबा बंद होता. काका जमिनीवर बसून चिंचेच्या कोळाने एकेक देव अंगठ्याने घासत होते.

"मशीन बिघडलं का?"

"नाय."

"मग?"

"देवाला चक्कर येल नं," ते हळूच म्हणाले, आणि बाळकृष्णाचे कान पुसायला त्यांनी टॉवेलचं टोक पिळलं.