बिलकीसच्या मापाची रायफल

आमची बिलकीस कावळे मारते. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि समोरचा माणूस हसतो, आणि मला राग येतो. मस्कतमध्ये बाईने बँकेत बसावं, शाळेत शिकवावं, घरी बसून डबे करावेत, त्यात कुणाला नवल वाटत नाही. कावळे मारते म्हटलं की लगेच दात दिसतात. हसा बापडे. पण सीबपासून बरक्यापर्यंत ज्यांच्या खजुरांवर आणि कोंबडीच्या पिल्लांवर कावळ्यांची धाड पडते, ते फोन कुणासाठी करतात हे एकदा त्यांना विचारा.

फोन मीच उचलते म्हणून सांगते. मी मंगला, मूळची बोरिवलीची. झुरळं आणि वाळवीचं औषध मारणाऱ्या एका कंपनीत काउंटरवर बसते. बिलकीस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. ती राजापूरच्या खाडीकाठची. नवरा तय्यब, त्याचं हमरियात सुतारकामाचं वर्कशॉप, राहायला दोघं सीबला. मुली लग्न होऊन कोकणात. बाईचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि हट्टाला पेटली की मग बोलायची सोयच नाही.

हे कावळे तसे इथले नव्हेत. आपलेच, हिंदुस्थानी, कधीतरी बोटींच्या मागे लागून आले आणि राहिले. आपल्यासारखेच की गं, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, आपण निदान व्हिसा काढतो. पितृपक्षात मी अझैब्याला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, कावळ्याला वाढते, तेव्हा तेवढे पंधरा दिवस अझैब्याकडे फिरकू नकोस असं तिला बजावलेलं आहे. तिनेही कबूल केलंय, तुझ्या सासूसासऱ्यांना सांग, जेवून सरळ घरी जा, सीबला येऊ नका.

तर झालं असं की कंपनीला कावळे हटवायचं काम मिळालं. कावळा पिंजऱ्यात येतो कुठे, त्याला माणसाचं डोकं आहे. म्हणून अर्बाबाने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, हवेवर चालणाऱ्या रायफलीचा रीतसर परवाना काढायचं ठरवलं. परवान्यावर एकाच नेमबाजाचं नाव जाणार होतं. कोण करील, असं अर्बाबाने विचारलं तेव्हा फवारणीवाली पोरं एकमेकांकडे बघत बसली आणि बिलकीस खुर्चीतून उठली.

मी तिला हात धरून खाली ओढलं. तिने माझा हात झटकला. मग सगळ्यांसमोर, निम्मं हिंदी आणि निम्मं अरबी करत, तिने सांगितलं की रत्नागिरीच्या कॉलेजात ती एनसीसीत होती, रायफल शूटिंगमध्ये मेडल होतं, पुढच्या कॅम्पला जायची होती आणि तेवढ्यात लग्न ठरलं. मेडल कुठे आहे ते माहेरच्यांना विचारावं लागेल, पण डोळा अजून जागच्या जागी आहे. अर्बाब चांगला माणूस. तो हसला नाही. म्हणाला, बरक्याच्या बागेत माझ्या डोळ्यांसमोर नेम लावून दाखव. लागला तर नाव तुझं. नाही लागला तर काम बाहेरच्या माणसाला जाईल आणि तू फोन उचल, इन्शाल्ला.

त्या दिवसापासून बिलकीस वेगळीच झाली. पोटात किती वर्षं दाबून ठेवलं होतं कुणास ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर रायफली बघायची. कारखान्यातून तयार निघालेली, जड नळीची, नेमकी अशाच उपद्रवी पाखरांसाठी केलेली एक रायफल तिने हेरली. दिसायला म्हणाल तर काळी, रुक्ष, शिलाई मशीनसारखी. पण एकाच भोकात छर्रे बसवते म्हणे, आणि गालाखालची पट्टी स्क्रूने वरखाली होते. कॉलेजात सरकारी रायफल सगळ्यांच्या हातात एकच होती, मेडल मला मिळालं, हे ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवायची.

इकडे तय्यबभाईंच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. अर्बाबाच्या बैठकीत त्याच्या आजोबांच्या चांदी मढवलेल्या जुन्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या आहेत. त्यातल्या एकीचं तडकलेलं लाकूड तय्यबभाईंनी असं सांधलं होतं की सांधा सापडत नव्हता. तेव्हापासून अर्बाब त्यांच्या हातावर फिदा. दोघांनी मिळून ठरवलं की कंपनीकडे परवान्यात बसेल अशी एक विलायती नळी आणि यंत्र पडलंय, त्याला तय्यबने बिलकीसच्या मापाचा दस्ता, म्हणजे खांद्यागालाला टेकायचं लाकूड, करावा. बायकोची बंदूक नवऱ्याच्या हातची, अर्बाबाला ही कल्पना फारच आवडली. बिलकीसला कुणी विचारलं नाही. एका शुक्रवारी तय्यबभाईंनी टेप काढला, तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, खांद्यापासून कोपर, गालापासून खांदा, सगळं मोजलं. तुझ्यासाठी खुर्ची करतोय म्हणाले. ती बिचारी खूश.

खुर्चीऐवजी बंदूक आली. मी त्या दिवशी सीबला तिच्याकडेच होते, आणि खोटं कशाला बोलू, इतकी देखणी वस्तू मी बघितली नव्हती. अक्रोडाचं लाकूड, पाण्यासारखी नक्षी, हात फिरवत राहावंसं वाटे. बिलकीसने ती हॉलमध्येच खांद्याला लावली आणि डोळा बरोबर दुर्बिणीवर आला. तय्यबभाई नवरदेवासारखे उभे होते.

ती म्हणाली, फार सुंदर झाली आहे, पण मी कारखान्याचीच घेणार.

तय्यबभाईंचा चेहरा खर्रकन उतरला. का, एवढंच विचारलं त्यांनी. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"ह्या बंदुकीनं कावळा पडला, तर लोक म्हणतील तय्यबनं काय बंदूक केली. नाही पडला, तर म्हणतील बाईला जमलं नाही. मला अशी हवी की लागला तर मी लावला आणि चुकला तर मी चुकले."

झालं. ही गोष्ट सीबभर झाली. तिच्या नणंदेने, अमीरुन्निसाने, गावाहून फोन करून तिला फैलावर घेतलं. नवऱ्याच्या हातचं नाकारतेस, कारखान्यात कुणी तुझ्यासाठी जीव ओतलाय का, वगैरे. तय्यबभाई भांडले नाहीत, भांडले असते तर बरं झालं असतं. जेवताना सुरमई कशी झाली हे सांगायचं त्यांनी बंद केलं, आणि बिलकीसला तेच जास्त लागलं. मीसुद्धा शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, घे ना गं ती लाकडाची, काय बिघडतं, माणूस तुटतोय तिकडे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. नंतर ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत फोनवर बसली.

बागेतल्या दिवशी अर्बाबाने दोन्ही रायफली मागवल्या होत्या, तय्यबभाईंची आणि तिने हेरलेली कारखान्याची. हट्ट त्यालाही करता येतो. आधी तय्यबची चालव, मग तुझी, ज्या बंदुकीने लागेल ती खरी, असं म्हणाला. मातीच्या भिंतीवर डब्यांची झाकणं टांगलेली. अर्बाब, त्याचा भाऊ, फवारणीवाली पोरं, तय्यबभाई आणि मी. बिलकीस आली ती तशीच, जशी रोज बाहेर पडते. अबाया, वर कंपनीचं जाड जॅकेट, डोक्याला ओढणी, वारा होता म्हणून दुहेरी गुंडाळून पिना लावलेली.

तय्यबभाईंची बंदूक तिने खांद्याला लावली. मान हलवली. परत लावली. छर्रा सुटला आणि झाकणाच्या बाजूची माती उडाली. दुसरा आणखी खाली. तिसरा कुठे गेला देव जाणे. फवारणीवाल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. हिची एवढी वर्षांची हौस ह्या मातीत जाणार, असं मला वाटलं.

"मुद्दाम चुकवतेस," तय्यबभाई म्हणाले. हळू म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

बिलकीस म्हणाली, गाल टेकत नाही, डोळा वर राहतो. तय्यबभाई कारागीर माणूस, आपल्या कामावर आलं की त्यांना बाकी काही दिसत नाही. घरी तर बरोबर बसत होती, असं म्हणत ते पुढे झाले आणि म्हणाले, "ती ओढणी जरा मागं सार, टेकेल गाल."

सगळ्यांसमोर बोलून गेले. अर्बाबाने नजर खाली घातली. तय्यबभाईंनाही लगेच कळलं आपण काय बोललो, पण शब्द निघून गेला होता. बिलकीसने बंदूक टेबलावर ठेवली, अगदी हळू, तान्ह्या मुलासारखी. मग त्यांच्याकडे वळली. ओरडली नाही.

"तुम्ही मला घरात मोजलंत. उघड्या डोक्यानं, मॅक्सीवर, शेगडीपुढं. ती तुमची घरातली बिलकीस. नेम धरायला ही बाहेरची आलीय, आणि हिला तुम्ही टेप लावलाच नाहीत."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि तय्यबभाईंकडे बघून रडावंसंही वाटलं. बिलकीसने आपली ती काळी, रुक्ष रायफल घेतली. स्क्रू सैल केला, ओढणीचा थर मावेल एवढी गालाखालची पट्टी खाली केली, जॅकेटच्या जाडीएवढा मागचा भाग आत घेतला, स्क्रू आवळला. गाल टेकवला. झाकण वाजलं. दुसरं वाजलं. मग ती थांबेचना, भिंतीवरची होती नव्हती तेवढी झाकणं वाजवून मगच खाली ठेवली. खलास, अर्बाब म्हणाला, आणि परवान्यावर हिचं नाव घाल असं मला सांगितलं. ते मला सांगायची गरज नव्हती.

परतताना तय्यबभाईंच्या पिकअपमध्ये आम्ही तिघं. तय्यबभाई म्हणाले, लाकूड थोडं तासलं की बसेल, दोन हात रंधा मारायचाय फक्त. ती म्हणाली, तासायचं नाही. अर्बाबाने ती बंदूक चांदी मढवून आपल्या बैठकीत लावायला मागितली, त्यालाही तिने नाही म्हणून सांगितलं. नळी आणि यंत्र कंपनीत जमा झालं, पण लाकडाचा दस्ता तिने घरी आणला. सीबच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलाय. ईदला मी गेले होते तेव्हा कुणा पाहुणीने विचारलं, एवढी छान वस्तू वापरत का नाहीस. म्हणाली, वापरते की, ती घरातली आहे, घरात बघते तिच्याकडे.

तय्यबभाई शीरखुर्मा खात होते. वाटीतनं मान वर न करता म्हणाले, झाला बरा आज. किती महिन्यांनी म्हणाले. बिलकीसने त्यांच्या वाटीत आणखी एक पळी वाढली. पाहुणे गेले, मी निघायला पर्स उचलली, तेव्हा तिने एकदम विचारलं,

"माझ्या खुर्चीचं काय झालं?"

कसली खुर्ची, तय्यबभाईंना कळेना. मापं घेतलेली ती, ती म्हणाली. बागेत कावळ्यांची वाट बघत तासन् तास उभं राहून पाय भरून येतात. बसून नेम धरता येईल अशी हवी. तय्यबभाईंचे हात आधी उठले आणि मग ते. ड्रॉवरमधून टेप काढला, स्टूल ओढलं, बस म्हणाले.

ती बसली नाही. आत गेली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती बाहेर आली तेव्हा अबाया होता, वर जॅकेट होतं, पायात बूट होते, ओढणी दुहेरी गुंडाळून पिना लावलेली होती. एवढ्या उकाड्यात, ईदच्या दिवशी, स्वतःच्या हॉलमध्ये. स्टुलावर ताठ बसली आणि हनुवटी वर केली.

"आता घ्या माप."