शेवटच्या ओळीतले नाव

गंगासागरताई इंगोले यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेखांची वाटणी झाली, तेव्हा ताईंचे मंचावरचे काम एकाने घेतले, समाजकार्य दुसऱ्याने घेतले आणि 'ताईंचे घरगुती जीवन' हा विषय माझ्या वाट्याला आला. तीस वर्षे मी त्यांच्या गायन पार्टीत पेटी वाजवतो. त्यांच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असते हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे लेख एका बैठकीत होईल, असे वाटले होते. प्रत्यक्षात महिनाभर मी नुसता गोंधळलेला आहे, आणि तो गोंधळ वाचकांपासून लपवावा असे आता मला वाटत नाही.

ताई हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाहीर किसनदादांच्या कन्या. हे घराणे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. जयंतीच्या दिवसांत दादांची तारीख मिळावी म्हणून गावोगावची माणसे दोन-दोन महिने आधीच दारात येऊन बसत. दादा प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत 'किसन सांगे' असे स्वतःचे नाव गुंफत. ते नाव आले की लोक मंडप डोक्यावर घेत.

मी पार्टीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. दादा एका सकाळी मला जीपमध्ये घालून सेनगावला, लेकीच्या सासरी घेऊन गेले. ताई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. दादा भिंतीला टेकून एक ओळ म्हणाले आणि अडले. ताईंनी भाकरी उलटता उलटता पुढची ओळ म्हटली. 'हां, बराबर,' म्हणून दादांनी मान डोलावली. असे जेवणाच्या ताटापर्यंत चालले. मला वाटले, म्हाताऱ्या माणसाला आपलीच गाणी आठवत नाहीत आणि बिचारी लेक आठवण करून देते आहे. ताईंशी माझी पहिली ओळख ती अशी, आणि तीस वर्षे मी त्याच समजुतीत पेटी वाजवली. एवढ्या भोळेपणाबद्दल कोणी माझाही सत्कार करायला हरकत नाही.

दादांच्या मागे ताई पार्टीच्या मुख्य गायिका झाल्या, तरी त्यांचा स्वभाव होता तसाच राहिला. माझी पत्नी हिंगोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, तेव्हा ताई रोज सेनगावहून डबा घेऊन येत. एवढी तकलीफ कशाला, असे मी म्हणालो, तर म्हणतात, "तकलीफ जीपवाल्याला हाय, गुरुजी. मी तर बसूनच येऊन राहिले." कार्यक्रमात बायका मंडपाच्या कडेला उभ्या दिसल्या, तर त्यांना पुढे जागा झाल्याशिवाय ताई तोंड उघडत नाहीत. वारंगा फाट्याजवळच्या एका गावात त्यासाठी अध्यक्षांची खुर्ची मागे न्यावी लागली. अध्यक्ष रुसले आणि ताई तास-दीड तास गायल्या.

इथवर सगळे सोपे होते. मग संपादकांचा निरोप आला की, लेखासोबत ताईंनी स्वतः रचलेल्या गाण्यांची यादी जोडा. मी गाण्यांच्या वह्या काढल्या. दादांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे सगळ्या वह्यांत अक्षर ताईंचे आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी नाव मात्र दादांचे. मी कागदावर दोन रकाने आखले आणि ताईंसमोर बसलो. ताईंचे धाकटे बंधू, ढोलकीवादक प्रल्हादभाऊ, शेजारी होते.

"ह्ये माझं," ताई पहिल्याच गाण्याला म्हणाल्या. "न्हाई, थांबा. पयली ओळ दादाची. दुसरी... दुसरी कोणाची व्हती?"

असे दहा-बारा गाण्यांचे झाले. मी लिहायचो, खोडायचो, पुन्हा लिहायचो. शेवटी कागद फाटला.

"गुरुजी, काहून डोकं पिकवून राहिले?" प्रल्हादभाऊ म्हणाले. "नाव दादाचं हाय, तर गाणं दादाचंच. आज एक काढून घेतलं की उद्या लोक म्हणतील, दादाचं काहीच नव्हतं."

त्यांची भीती खोटी नव्हती. "बराबर हाय त्याचं," म्हणत ताईंनी वही मिटायला घेतली. मलाही एकाएकी वाटले की आपण दादांच्या घरात शिरून त्यांच्याच वस्तू हलवतो आहोत. पण मिटता मिटता जे पान दिसले, ते दादांच्या निधनावरचे गाणे होते. दरवर्षी दादांच्या स्मृतिदिनी, चौदा वर्षे, आम्ही ते म्हणतो आणि लोक पदराने डोळे पुसतात. पहिल्या कडव्यात दादांची अंत्ययात्रा निघते. आणि शेवटची ओळ 'किसन सांगे'.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. प्रल्हादभाऊंनी वही ओढून घेतली आणि स्वतः वाचली. चौदा वर्षे त्यांनी याच ओळीवर थाप मारली होती, मी सूर धरला होता, आणि गेलेला माणूस स्वतःच्या मरणाचे गाणे कसे रचील, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. मला हसू आले आणि मग फार लाज वाटली.

"काहून हो ताई?" मी विचारले.

"गाणं संपवावं तर लागते ना, गुरुजी. नावाबगर ते संपत न्हाई, अन् माझं नाव तिथं बसत न्हाई. किसन तीन अक्षराचा. गंगासागर म्हणोस्तोवर ताल निघून जाते."

प्रल्हादभाऊंनी वही खाली ठेवली. मग त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली. "म्हण अक्का," ते म्हणाले. "तुह्या नावानं म्हण."

ताईंनी गाणे म्हटले. शेवटच्या ओळीत त्यांचे नाव दोन अक्षरे पुढे गेले. प्रल्हादभाऊंनी हात वरच धरून ठेवला, ताईंचे नाव पुरते म्हणून झाले आणि मगच थाप दिली.

"लिवा, गुरुजी," ते म्हणाले.

म्हणून या लेखासोबतच्या यादीत एकच गाणे आहे. बाकीच्यांचे काय करावे, हे मला अजूनही कळलेले नाही, आणि ताईंनाही कळलेले नाही. ताईंना शंभर वर्षांचे, हिंडते-फिरते, खणखणीत आवाजाचे आयुष्य लाभो, अशी मी पार्टीतल्या सर्वांच्या वतीने मंगलकामना करतो. पंच्याहत्तर वर्षांत त्यांच्या नावावर एकच गाणे लागले, आणि ते वडिलांच्या मरणाचे आहे. आता एखादे सुखाचे लागावे.