मसाट झाकणारी गोधडी

माझ्या सवतीला एसी होता. मला पंखा.

आज आमचे हे जाऊन वर्ष झालं. मी बोलतेय, नात टाइप करतेय. मला अक्षरं येत नाहीत, टोमणे येतात.

सवत म्हणजे यांची मशीनं.

जळगावकडून सिल्वासाला आलो, तेव्हा यांनी एसटीडी बूथ टाकला. नव्वदची सालं सरत आली आणि डोक्यात शिरलं, इंटरनेट विकायचं.

माझी पुढची खोली गेली. फळीवर मोडेमची रांग, खाली बॅटऱ्या, भिंतभर टेलिफोनच्या वायरी. कोणी कनेक्ट केलं की मोडेम असा किंचाळायचा, जसा काही मीच चिमटा काढला.

पहिलं मोठं गिऱ्हाईक सिल्वासाजवळच्या मसाट गावची फॅक्टरी. तिथं फोनची लाईन धड चालेना, म्हणून यांनी आमच्या गच्चीवर एक आणि फॅक्टरीवर एक, अशी छत्रीसारखी अँटेना उभी केली.

"इथली आणि तिथली, दोघी एकमेकींना दिसल्या पाहिजेत."

"आपण न बघता लग्न केलं. चाललं ना?"

पण दोघींमधली लिंक सकाळी पडायची, दुपारी आपोआप यायची. फॅक्टरीचे शेठ म्हणाले, "भाई, ऐसा चलेगा तो अपना डब्बा वापस ले जाओ."

यांचं जेवण सुटलं. केबल बदलली, बॅटरी बदलली. लिंक पडायची ती पडायचीच.

एकदा सकाळीच वर आले. बघतात तर अँटेनासमोर दोरीवर माझी ओली गोधडी.

ओल्या कापडातून सिग्नल जात नाही म्हणे. ती वाळली की मसाट चालू!

"अगं बाई, तू अख्खं मसाट झाकलंस!"

"ऊन इथंच येतं. तुमची छत्री हलवा."

"मग मसाटपण हलवू का?"

आणि तिथंच जिन्यात बसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

गिऱ्हाईक टिकलं. दोरी सावलीत गेली. तेव्हापासून माझ्या गोधड्यांना कुबट वास.

धंदा कधीच बंद झाला. मोडेम भंगारात गेले. अँटेना गंजली, पण उभी आहे. आणि मी खुळी, अजून सावलीतच वाळत घालते.

आज नाही घातली.

आज गोधडी पिळलीसुद्धा नाही. थबथबती नेऊन अँटेनासमोर टाकली.

मसाट पुरतं झाकलंय हो. या वर, ओरडत.

नात विचारते, "आजी, शेवटी श्रद्धांजली लिहू?"

थांब गं. जिन्यात पावलं वाजतात का, ते आधी ऐकू दे.